पाटावर ठमी

डोंबिवली पूर्वेला माझ्या भाचीच्या इमारतीची गच्ची सकाळी सातपर्यंत मोकळी असते. नंतर गोधड्या आणि कुरडया वर येतात. त्या मोकळ्या वेळात मधोमध एक सतरंजी अंथरलेली असते, सतरंजीवर एक लाकडी पाट आणि पाटावर पुढचे दोन पाय ठेवून उभी साडेचार महिन्यांची ठमी. हे पिल्लू गल्लीतलंच, बदामी रंगाचं, एक कान उभा, एक अजून ठरवतोय. भाचीला तिला पुढे कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीत, म्हणजे अ‍ॅजिलिटीत उतरवायचं आहे. ठाण्याहून पहाटेची लोकल पकडून मी हे बघायला जाते आणि जे बघते त्याला प्रशिक्षण एवढाच शब्द मला पुरत नाही. ते बघण्यात रस आहे आणि तो उलगडून सांगावासा वाटतो.

आधी पाटाचं. पाट दोन बोटं उंच, जेवायला बसायचा, जुन्या घरातून आलेला. ठमीचे पुढचे पंजे त्यावर रोवलेले आहेत आणि मागचा भाग तिने पुढच्या पायांभोवती फिरवायचा आहे, कंपासची पेन्सिल टोकाभोवती फिरावी तसा. ऐकायला सोपं, पण कुत्र्याला आपले मागचे पाय जवळजवळ माहीतच नसतात. नाक पुढे, डोळे पुढे, तोंड पुढे, अंगाचं साठ टक्के वजनही पुढच्याच पायांवर. मागचे पाय आपले डब्यांसारखे इंजिनामागून येत राहतात. पिल्लू जिना चढताना बघा, पुढचे दोन पाय विचार करून पडतात आणि मागचे उड्या मारत कसेबसे येऊन मिळतात. पुढे कधी तरी ठमीला सव्वा मीटर उंचीवरच्या, जेमतेम 30 सेंटिमीटर रुंद फळीवरून धावायचं आहे. तिथे मागचा पाय कुठे पडतो हे तिचं तिलाच कळलं पाहिजे. हे कळणं आज इथे, दोन बोटांच्या उंचीवर सुरू होतं.

आता भाचीचा हात बघा. चिकनचा उकडलेला तुकडा, वाटाण्याएवढा. ती तो ठमीच्या तोंडासमोर सरळ धरत नाही, किंचित डावीकडे देते. डोकं डावीकडे वळलं की पाठ उजवीकडे ढकलली जाते आणि तोल सांभाळायला मागचा उजवा पाय बाजूला पडतो. पाय उचलला गेला त्या क्षणी भाचीच्या हातातला क्लिकर, ‘टिक्’ वाजणारी छोटी डबी, वाजतो. पाय टेकल्यावर नाही, उचलला जाताना. अर्ध्या श्वासाचा फरक आहे, पण सगळं शिकणं त्या अर्ध्या श्वासात आहे. टेकल्यावर वाजला तर ठमी ‘थांबणं’ शिकेल, उचलताना वाजला तर ‘हलवणं’. गाण्यात एखादी जागा अशी असते की ऐकणाऱ्याच्या तोंडून नकळत दाद जाते. मला इथे तसं होतं.

क्लिकरची ही रीत ज्यांच्यामुळे घराघरात गेली त्या कॅरन प्रायर मुळात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवत. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही, ओढता येत नाही, दटावलं तर तो नुसता पोहत लांब जातो. उरते फक्त शिट्टी आणि मासा, म्हणजे ‘हेच ते’ असं नेमक्या क्षणी सांगणं. त्यांचं 1984 सालचं पुस्तक आलं आणि कुत्र्यांना शिकवण्याची तऱ्हा पालटायला त्याचा मोठा हात लागला. गच्चीवर ठमीच्या गळ्यात पट्टा नाही, ती कधीही निघून जाऊ शकते. ती थांबते म्हणून हे बघावंसं वाटतं.

अ‍ॅजिलिटी हा खेळ तसा तरुण आहे. 1978 साली लंडनमध्ये क्रफ्ट्स या मोठ्या श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात लोकांना काही तरी दाखवायचं होतं. समितीतले जॉन वार्ली यांनी पीटर मीनवेल यांना गाठलं आणि घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून कुत्र्यांसाठी मांडणी तयार झाली. दोन वर्षांत तिथल्या केनेल क्लबने नियमही केले. त्यांच्या स्पर्धांत बिनजातीची कुत्रीही धावतात, म्हणजे ठमीच्या भाऊबंदांना तिथे मज्जाव नाही. अडथळ्यांवरून उडी, 60 सेंटिमीटर व्यासाचा बोगदा, उंच फळी, सी-सॉ, ओळीने रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी धाव. हँडलरने, म्हणजे कुत्र्याला वाट दाखवत सोबत धावणाऱ्या माणसाने, कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ ठेवायचा नाही. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा चालत नाही. लोक ते मिनिट बघतात. मला त्याच्या आधीचं वर्ष जास्त देखणं वाटतं.

कारण त्या वर्षात उडीच नसते. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ पट्टे असतात, हाड तिथून वाढतं. ते पट्टे घट्ट व्हायला साधारण वर्षभर लागतं, मोठ्या जातींना दीड वर्षही. त्याआधी पुन्हा पुन्हा उंचावरून आदळलं तर नुकसान कायमचं. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत 18 महिन्यांच्या आतलं कुत्रं स्पर्धेत उतरतच नाही. बारा काठ्यांची नागमोडही लांबणीवर, कोवळ्या कण्याला ती पेलत नाही. भाचीने झाडूचे दोन दांडे जमिनीवर आडवे टाकलेत आणि ठमी ते ओलांडते, उडी न मारता, पाय उचलून, एकेक. तीन महिन्यांच्या पिल्लाला सोफ्याच्या पाठीवरून उडवणारे व्हिडिओ मला बघवत नाहीत. त्या टाळ्यांची किंमत पिल्लाचे सांधे मोजतात. घरातल्या गुळगुळीत टाइल्सही तशाच वैरी. भाचीने बैठकीच्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत जुन्या सतरंज्या जोडून टाकल्या आहेत. पाहुण्यांना ते विचित्र दिसतं, पण ठमीचे पाय फाकत नाहीत.

दांड्यांनंतर भाची चालायला लागते आणि मला माझी शाळा आठवते. नौपाड्यातल्या मैदानावर आम्ही खो-खो खेळायचो. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही, आणि दिशा घेतली की नाही हे पंच पायांबरोबर खांद्यांवरूनही ठरवतात. खांदा फार वळला की फाउल. आमच्या बाई ओरडायच्या, ‘खांदा बघा, खांदा!’ चांगली पळणारी मुलगी समोरचीचा चेहरा बघत नसे, खांदा बघे. ठमी तेच शिकते आहे. भाची सरळ चालते, ठमी तिच्या डाव्या बाजूला. भाचीचा उजवा खांदा हळूच ठमीकडे वळतो आणि पिल्लू शब्दाविना आपली चाल आखडतं, वळतं. तोंडाने काही बोलायचं नाही, कारण स्पर्धेत धावणाऱ्या कुत्र्यापर्यंत शब्द उशिरा पोचतो, खांदा आधी. इतक्या लहान जीवाला एवढं बारीक वाचता येतं हे मी रोज नव्याने बघते.

आवाजांची सवय लावण्याचं काम मात्र आधीच झालं होतं. तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सगळ्यात मोकळं असतं, हे स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी 1965 साली आपल्या ग्रंथात मांडलं. अडचण अशी की लसी तोपर्यंत पुऱ्या झालेल्या नसतात आणि आपल्या रस्त्यांवर पार्व्हो या रोगाची भीती खरी आहे. भाचीने मधला मार्ग काढला. ठमीला कापडी झोळीत घेऊन ती फडके रोडच्या कडेला उभी राहायची, कधी कल्याणला काळा तलावाच्या काठी. जमिनीला पाय लागू न देता रिक्षांचे हॉर्न, ढोलाचा सराव, फाटकाकडची लोकल, सगळं नुसतं ऐकवायचं आणि तोंडात एक तुकडा. घरी परातीत वाटी टाकायची, आधी लांबून, मग जवळून. सी-सॉची फळी जमिनीवर आपटते तेव्हा धाडकन आवाज होतो आणि पुष्कळ चांगली कुत्री नेमकी तिथे बिचकतात. ठमी परात वाजली की शेपूट हलवत येते.

एका सकाळी कठड्यावर कावळा बसला आणि ठमी पाट सोडून पळाली. भाचीने हाक मारली नाही, रागावली नाही. ती पाटाशेजारी नुसती बसून राहिली. ठमीने कावळ्याला उडवलं, गच्चीची एक फेरी केली, थोडी घुटमळली, आणि आपणहून येऊन एक पंजा पाटावर ठेवला. फक्त एक. क्लिक. त्या एका पंजासाठी पूर्ण तुकडा. माझ्यासारखीने दोन्ही पायांची वाट बघितली असती, आणि त्यात काही तरी हरवलं असतं.

शेवटी येतो तो भाग मला सगळ्यात आवडतो. पाट तोच, पण आता ठमीने मागचे पाय पाटावर ठेवायचे आणि पुढचे जमिनीवर. उंच फळीच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचे पट्टे असतात, कुत्र्याचा निदान एक पाय त्यावर पडलाच पाहिजे. वरूनच झेप घेऊन त्याने हाडं मोडून घेऊ नयेत म्हणून हा नियम. बरेच हँडलर कुत्र्याला शिकवतात की फळीच्या शेवटी येऊन असंच थांब, मागे दोन पाय पट्ट्यावर, पुढे दोन मातीत. म्हणजे वर्षा-दीड वर्षाने भरधाव उतरताना ठमीला जी मुद्रा घ्यायची आहे ती ती आज या जेवायच्या पाटावर घेते आहे. उतार नाही, वेग नाही, घड्याळ नाही. मागचे पाय लाकडावर, पुढचे सतरंजीवर, मान खाली, नजर भाचीच्या तळहाताकडे. खालून जलद गाडी जाते, गच्ची किंचित थरथरते. ठमीचा ठरवणारा कान क्षणभर उभा राहतो, पण पाय हलत नाहीत.

बारा तुकडे संपले. तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. ‘ठमे, झालं,’ भाची म्हणते. हा सुटीचा शब्द तिला कळतो, तरी ती एकदम धावत नाही. आधी उजवा मागचा पाय खाली घेते, मग डावा.