‘भाऊबंदकी’तील दरबार आणि दरबाराबाहेरचे लोक

कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (1909) नाशिककराने जरा निराळ्या दृष्टीने वाचावे. नाटकातील आनंदीबाईंचे नाव आपल्या शहरालगतच्या आनंदवल्लीला आहे. त्यांची अखेरही तेथेच, 1794 मध्ये झाली.

30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. गारद्यांचा पगार थकला होता, राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत होते आणि पुतण्याला धरण्याच्या कटाला त्यांची संमती होती. इतकी कारणे समोर असताना लोकस्मृतीने ‘ध’चा ‘मा’ करणारी स्त्री तेवढी उचलली. ग्रँट डफच्या 1826 च्या इतिहासातही ही कथा येते. परंतु अक्षर आनंदीबाईंनीच बदलले, हे सिद्ध झालेले नाही. खाडिलकरांच्या आनंदीबाईंवर लेडी मॅकबेथची छाया आहे. त्यामुळे रंगभूमीला एक जबरदस्त भूमिका लाभली. राघोबादादांचा अपराध मात्र हलका झाला. सत्तेचा लोभ पुरुषाचा आणि पाप स्त्रीच्या माथी, ही वाटणी मनुस्मृतीला परकी नाही.

रामशास्त्र्यांचे चित्रण हे या नाटकाचे खरे बळ. सत्ताधाऱ्याला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश 1909 च्या परतंत्र प्रेक्षकाला काय सांगत होता, हे उघड आहे. हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण हा न्याय कोणापर्यंत पोहोचत होता? नाटकाचे पुणे वाड्याच्या भिंतींपाशी संपते. त्याच पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू असे, याची नोंद बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’ (1936) मध्ये केली आहे. पेशव्याच्या खुनाला न्यायासन होते. या रोजच्या अवहेलनेला ते नव्हते. (तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ने 1972 मध्ये पेशवाईतील पुण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली खरी, परंतु तेथेही झुंज मुख्यतः ब्राह्मणा-ब्राह्मणांतच राहते.)

नाशिकला या दरबाराची दुसरीही खूण आहे. पंचवटीतील काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार ओढेकर यांनी बांधविले. पेशवाई 1818 मध्ये बुडाली. त्यानंतर एकशे बारा वर्षांनी, 2 मार्च 1930 रोजी, सत्याग्रही त्या मंदिरापाशी पोहोचले, तेव्हा दरवाजे बंद होते.