प्रार्थना खोलीत की सभेत? विसंगती तपासायची कशी

पेटची तयारी करताना ‘रिसर्च गॅप’ शोधा असं सांगितलं जातं. मग बरेच जण दोन विधानं शेजारी ठेवतात आणि विसंगती सापडली म्हणून मोकळे होतात. ही पद्धत किती कच्ची आहे हे आज विज्ञानाबाहेरच्या उदाहरणावर पाहू.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, प्रार्थना दार लावून करा. स्तोत्र १५० मात्र झांजा वाजवून स्तुती करायला सांगतं. आता आपल्याकडचं पाहा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत. ते मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाईंनीच पुढे अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली ते प्रसिद्ध झालं. म्हणजे बंद दाराचं वचन त्यांना माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

इथं आधी चल ओळखा. मत्तयाचा आक्षेप आवाजावर नाही, लोकांनी आपल्याला पाहावं या हेतूवर आहे. पुनरुक्तीचंही तसंच. ६:७ मध्ये पोकळ बडबड नको म्हटलंय, पण २६:४४ मध्ये येशू स्वतः तिसऱ्यांदा तेच शब्द उच्चारतो. स्तोत्र १३६ मध्ये तर सव्वीसही ओव्यांत एकच पालुपद आहे. तेव्हा नुसती पुनरुक्ती हा दोष नव्हे.

पण ‘संदर्भ पाहा’ म्हटलं की सगळं सुटतं, हेही खरं नाही. मार्क ११:२४ म्हणतं, विश्वासानं मागाल ते मिळेल. त्याच मार्कमध्ये १४:३६ ला येशू दुःखाचा प्याला टळावा असं मागतो, आणि तो टळत नाही. ‘देवाची इच्छा असेल तर’ ही अट इथं येशूच्याच तोंडी आहे. ११:२४ मध्ये मात्र ती नाही, तिथं ती आपण नेऊन ठेवतो. ही पळवाट साधी नाही. आजारी माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं सुनावलं जातं, ते ११:२४ एकटं वाचल्यामुळेच. स्तोत्र ८८ तर स्तुतीशिवाय, अंधारातच संपतं. संकलन करणाऱ्यांनी ते गाळलं नाही.

प्रयोगातही काही निरीक्षणं मॉडेलमध्ये बसत नाहीत. ती खोडायची नसतात, तक्त्यात दाखवायची असतात. म्हणून विसंगती दिसली की तीन प्रश्न विचारा: दोन्ही विधानं एकाच गोष्टीबद्दल आहेत का? जुळवताना बाहेरून काय घातलं? आणि काय उरलं? सिनॉप्सिसमध्ये तिसऱ्याचं उत्तर लिहायला लाजू नका. पुढचं काम तिथूनच सुरू होतं.