अशोक विस्मृतीत गेला होता काय?

सम्राट अशोकाच्या शोधाची कथा पुस्तकांतून व व्याख्यानांतून एकाच साच्यात सांगितली जाते. भारत आपल्या या राजाला दोन हजार वर्षे विसरला होता. कलकत्त्याच्या टांकसाळीतील इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने १८३७ साली ब्राह्मी लिपी उलगडली आणि शिळांना वाचा फुटली, असा तिचा सारांश. प्रिन्सेपच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ही कथा अपुरी आहे, आणि तिच्यातून जे गळते ते नेमके आपल्या परंपरेचे आहे. म्हणून तिची चिकित्सा करणे अगत्याचे वाटते.

पहिला मुद्दा किल्लीचा. ही किल्ली प्रिन्सेपला राजाज्ञेत सापडली नाही. सांचीच्या स्तूपावरील आखूड लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या ध्यानी आले. हे लेख दात्यांचे असावेत असे अनुमान त्याने केले आणि ‘दानं’ हा शब्द वाचला गेला. हे दाते कोण होते? भिक्खू, भिक्खुनी, गृहपती, व्यापारी. तेथेच दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपल्या कोरीव कामाची नोंद ठेवली आहे. सम्राटाचे शब्द आज आपण वाचतो ते या सामान्य उपासक-उपासिकांच्या एका शब्दामुळे. कथेत मात्र त्यांना स्थान नसते.

दुसरा मुद्दा नावाचा. लिपी वाचता आली तरी ‘देवानंपिय पियदसि’ हा राजा कोण, हे तेव्हा हाती असलेले लेख सांगत नव्हते. प्रिन्सेपने आरंभी त्याला सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स मानले. उत्तर आले ते पालि वाङ्मयातून. सिंहलद्वीपात शासकीय सेवेत असलेल्या जॉर्ज टर्नरला दीपवंसात उल्लेख सापडला की, पियदस्सी हा चंद्रगुप्ताचा नातू व बिंदुसाराचा पुत्र असून त्याचा अभिषेक भगवंतांच्या परिनिब्बानानंतर २१८ वर्षांनी झाला. याच टर्नरला १८२६ साली महावंसावरील टीकेची पोथी एका भिक्खूच्या साहाय्याने मुळगिरिगल विहारातून मिळाली होती. पुढे १९१५ साली कर्नाटकातील मास्की येथे ‘असोक’ हे नाव असलेला शिलालेख सापडला आणि पोथीच्या साक्षीवर शिळेने शिक्कामोर्तब केले.

मग विसरले कोण? पुराणांच्या वंशावळींत अशोक केवळ नावापुरता उरला हे खरे. परंतु सिंहलद्वीप, ब्रह्मदेश व सयाम येथील भिक्खुसंघ ताडपत्रे जीर्ण होताच नवी प्रत करीत राहिला आणि धम्माशोकाची कथा पिढ्यानपिढ्या सांगत राहिला. ‘विस्मृत सम्राट’ हे विशेषण लावताना ज्यांनी त्याला स्मरले त्यांनाच आपण विसरतो.

याचा अर्थ पोथी सांगते ते सारे निर्विवाद मानावे, असा नाही. कलिंगाच्या युद्धाविषयी दीपवंस व महावंस मौन बाळगतात. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख देशोधडीला लावली गेली, ही कबुली अशोकाने स्वतः तेराव्या शिलालेखात दिली आहे. पालीच्या अभ्यासकाने ही मर्यादा मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पोथीने शिळेला नाव दिले. शिळेने पोथीतील उणीव भरून काढली.

तिसरा मुद्दा योगायोगाचा. भीमाकाठच्या सन्नती येथे १९८६ साली चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीचे पीठ म्हणून बसविलेली शिळा अशोकाच्या लेखाची निघाली. ही हकीकत चमत्कारासारखी रंगविली जाते. परंतु छत कोसळणे हा योगायोग असला, तरी धम्मलेखाचे पीठ होणे हा योगायोग नव्हे. तो इतिहास आहे. विहार कधी ओस पडले, त्यांचे दगड कोठे गेले, हा प्रश्न विचारल्याशिवाय ती कथा पूर्ण होत नाही. जवळच कनगनहळ्ळी येथे १९९४ पासून झालेल्या उत्खननात ‘रायो असोको’ अशी अक्षरे असलेले राजाचे शिल्प मिळाले, ते अशा प्रश्नांना बळ देणारे आहे.

आपल्या लेण्यांतही हेच घडते. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दर्शनी द्वार धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे, दान आहे. तसा लेख तेथे कोरलेला आहे. आपण त्याच द्वारातून आत जातो, वंदना करतो आणि अक्षरे न वाचताच परततो. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्या अखंड कार्यातून वेळ काढून पालि शब्दकोश व व्याकरण सिद्ध केले. ते महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्या श्रमांचे मोल ओळखायचे असेल, तर विहाराविहारांतून पालीबरोबर ब्राह्मीचेही वर्ग चालले पाहिजेत. आपले पूर्वज दगडावर नाव कोरून गेले आहेत. ते वाचण्यासाठी आपण दुसऱ्या प्रिन्सेपची वाट पाहू नये.