शहिदाचे घर आणि आपले साहित्य

ठाण्याचा टेंभी नाका मोठा बोलका आहे. नवरात्रात तिथे देवी बसते, गोपाळकाल्याला हंडी लागते आणि सीमेवर जवान पडल्याची बातमी आली की श्रद्धांजलीचा फलक लागतो. वर वर्दीतला तरुण चेहरा, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली फलक लावणाऱ्यांचे चेहरे. समीक्षेने फक्त पुस्तकेच वाचावीत असा काही नियम नाही. जो मजकूर हजारो लोक येता-जाता वाचतात, तोही तपासायला हवा. तो वाचताना आम्हांला एक गोष्ट सतत खटकते. त्यात मरण असते, देश असतो, पुढारी असतात. घर मात्र नसते.

या मजकुरातला कळीचा शब्द ‘शहीद’. तो अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत आला आणि इथे सगळ्यांचा झाला. त्याचे मूळ साक्ष देण्यात आहे. मराठीचे जुने शब्द निराळे आहेत. बखरीतला माणूस ‘कामी येतो’, ‘धारातीर्थी पडतो’; ‘हुतात्मा’ या शब्दात यज्ञाची आहुती आहे. सरकारी दफ्तर यांतला कोणताच शब्द वापरत नाही. संरक्षण आणि गृह खात्यांनी २०१७ साली केंद्रीय माहिती आयोगापुढे तसे सांगितलेही होते. दफ्तराला नोंद हवी असते, फलकाला तेज हवे असते. घरातल्या माणसांसाठी कोणता शब्द, हे दोघांनीही ठरवलेले नाही. ते काम साहित्याचे.

मुसलमान सैनिकाच्या बाबतीत या ‘साक्षी’ला आणखी एक अर्थ चिकटतो. ३ जुलै १९४८ रोजी झांगड येथे ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान पडले. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर हवालदार अब्दुल हमीद पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता पडले. आमच्या सभा-संमेलनांतून ही दोन नावे वारंवार घेतली जातात, आणि बहुतेक वेळा ती उत्तरादाखल घेतली जातात. कुणी निष्ठेविषयी प्रश्न विचारला की ही नावे दाखल्यासारखी पुढे करायची. यात सन्मान आहे, पण अगतिकताही आहे. मेलेल्या माणसाला जिवंतांच्या वतीने पुन्हा पुन्हा साक्षीला उभे करणे हा त्याचा गौरव म्हणायचा का? हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरच्या शिंप्याचे पोर. त्यांच्या पत्नी रसूलन बीबी यांनी परमवीर चक्र स्वीकारले आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ, २०१९ पर्यंत, त्या जगल्या. ते अर्धशतक आमच्या भाषणांत कधी येत नाही. कारण ते काहीच सिद्ध करत नाही. ते केवळ एका बाईचे आयुष्य आहे.

शेजारच्या भाषांतल्या दोन कथा या ठिकाणी आठवतात. चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा १९१५ सालची, म्हणजे पहिले महायुद्ध चालू असतानाची. तिच्यातला लहना सिंग खंदकात जीव देतो, तो एका बाईला दिलेल्या शब्दाखातर, तिचा नवरा आणि मुलगा वाचावेत म्हणून. मंटोच्या ‘आखिरी सॅल्यूट’मध्ये एकाच गावचे, दुसऱ्या महायुद्धात खांद्याला खांदा लावून लढलेले रब नवाज आणि राम सिंग काश्मीरच्या आघाडीवर समोरासमोर येतात. थट्टेत झाडलेली गोळी राम सिंगला लागते. दोन्ही कथांत सैनिकाच्या मागे त्याचे गाव, त्याची नाती चालत येतात. म्हणूनच मरण आकड्यात जमा होत नाही.

मराठीत काय दिसते? पोवाड्याची परंपरा थोर आहे. १९६२च्या चिनी आक्रमणाच्या वेळी शाहीर अमर शेखांचा आवाज महाराष्ट्रभर घुमला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण पोवाडा रणाकडे नेतो. रणातून परत आलेल्या पेटीपाशी थांबणे हे त्याचे काम नव्हे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने १९३९ साली लढाई माणसाच्या मनात शिरताना दाखवली, पण ती बोट प्रवाशांची आहे. अलीकडे घरातूनच लेखणी उचलली गेली. कॅप्टन विनायक गोरे १९९५ साली काश्मीरमध्ये कामी आले. त्यांच्या मातोश्री अनुराधा गोरे यांनी ‘वारस होऊ अभिमन्यूचे’ लिहिले. अशा पुस्तकाला मोजपट्टी लावण्याआधी ते कुणाच्या हातून उतरले हे पाहावे लागते. आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे २०१८च्या ऑगस्टमध्ये गुरेझला पडले. त्यांच्या पत्नी कनिका राणे २०२० साली स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. ही घटना बातमीत मावली, पण तिच्या मागची दोन वर्षे बातमीत मावणारी नाहीत. ती कादंबरीची आहेत.

आणि मुस्लिम मराठी साहित्य? १९९० साली सोलापुरात पहिले संमेलन भरले, तेव्हापासून या प्रवाहाने तलाक, दंगल, गरिबी, संशय यांवर पुष्कळ लिहिले. युद्धावर मात्र फार थोडे. वास्तविक हा विषय आमच्या दारातला आहे. जुन्या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानांच्या तुकड्या असत. कोकणी मुसलमानांची कैक घरे बोटीच्या पगारावर उभी राहिली. मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या नामावलीत चारशेहून अधिक नौसैनिक आणि सुमारे सहा हजार व्यापारी खलाशी आहेत. त्यांना समुद्राखेरीज कबर नाही. त्यांना कुणी शहीद म्हटले नाही, कारण ते वर्दीत नव्हते. कोळसा ओढत होते, भांडी घासत होते.

अशा घरात काय घडत असेल? कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यांच्यात मय्यत समोर नसतानाही गायबाना नमाज पढता येते. पण तिलाही मरणाची खात्री हवी. तार नुसती ‘बेपत्ता’ म्हणते, तेव्हा नमाज कधी पढायची आणि इद्दत कोणत्या दिवसापासून मोजायची? १९३९च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने चार वर्षे पत्ता नसलेल्या नवऱ्यापासून सुटका मागण्याचा हक्क बाईला दिला, आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. कायद्याने चार वर्षे मोजली. त्या चार वर्षांत बंदराकडे लागलेले डोळे, सासूचा अबोला, मनीऑर्डर थांबल्यावर गहाण पडलेल्या बांगड्या, हे कोण मोजणार?

आमची अपेक्षा एवढीच आहे, की लिहित्या हातांनी आधी आपल्या आजी-नानींना विचारावे. कुठल्या पेटीत जुनी कागदपत्रे आहेत, कुणाचे नाव घरात घ्यायचे नाही असा दंडक आहे, ते शोधावे. असे लेखन कुणाची देशनिष्ठा शाबीत करण्यासाठी नको. ज्या घरातला माणूस गेला त्या घराला हिशेब द्यायचा नसतो, त्याचा हिशेब इतरांनी ठेवायचा असतो. टेंभी नाक्यावरचा फलक चार दिवसांत उतरतो आणि त्या जागी दुसरा चढतो. घरात मात्र त्या माणसाचे ताट वाढायचे की नाही, हा प्रश्न रोज दोन वेळा पडतो. ज्या साहित्याला हा प्रश्न ऐकू येईल, तेच शहिदाला खरी सलामी देईल.