प्रतिबिंब, चित्र आणि देह : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळमालिकेसंबंधी

दीर्घकाळ चाललेल्या कोणत्याही कथामालेच्या रसिकवर्गात कालांतराने दोन पक्ष पडतात. एका पक्षाला पूर्वी भेटलेले पुन्हा भेटावे असे वाटते; दुसऱ्याला त्याच त्या भेटीचा शीण आलेला असतो. एकाच नायकाच्या साहसांच्या कादंबऱ्यांविषयी हा वाद झाला, संगीत नाटकाविषयी झाला, आणि गेली वीस-पंचवीस वर्षे तो व्हिडिओ गेमच्या मालिकांविषयी अतिशय हिरिरीने चालला आहे. त्यात अज्ञान पुष्कळ आणि आरडाओरडा त्याहून पुष्कळ असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न काव्यशास्त्राच्या ओळखीचा आहे. शिवाय या वादातील एक महत्त्वाचे प्रकरण थेट पुण्यात आणि मुंबईत घडले. त्यामुळे मराठी समीक्षेने त्याकडे परकी गोष्ट म्हणून पाहण्याचे कारण नाही.

१० सप्टेंबर २०२० रोजी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ सालच्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली. ती घडविण्याचे काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. २१ जानेवारी २०२१ ही प्रकाशनाची तारीखही ठरली होती. परंतु त्या दिवशी दाखविलेल्या झलकेवर जुने चाहते तुटून पडले. चेहरे निर्जीव आहेत, प्रकाश भडक आहे, सतरा वर्षांपूर्वीचा खेळ याहून देखणा होता, असा एकच गिल्ला झाला. रंगांची ही योजना हेतुपूर्वक केली आहे, असे निर्मात्यांच्या बाजूने सांगण्यात आले. ते कोणी ऐकले नाही. तारीख प्रथम मार्चवर गेली, नंतर अनिश्चित झाली, आणि मे २०२२ मध्ये ते काम मूळ खेळ जेथे जन्मला त्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपविण्यात आले.

चाहत्यांना नेमके काय हवे होते? नवे हवे होते म्हणावे, तर नायकाच्या चेहऱ्याची एक रेषा बदललेली त्यांना खपली नाही. जुनेच हवे होते म्हणावे, तर २००३ चा खेळ कोठे नाहीसा झालेला नव्हता. ज्याला हवा त्याने तो खेळावा. या पेचाची उकल आनंदवर्धनाने करून ठेवली आहे. ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात, एका कवीची कृती दुसऱ्याच्या कृतीशी जुळते तेव्हा त्या जुळण्याचे म्हणजे ‘संवादा’चे तो तीन प्रकार करतो. बिंब आणि प्रतिबिंब यांच्यातील साम्य हा पहिला, वस्तू आणि तिचे चित्र यांच्यातील साम्य हा दुसरा, आणि सारखे देह असलेल्या दोन माणसांमधील साम्य हा तिसरा. प्रतिबिंबाला स्वतःचा आत्मा नसतो. चित्राला असतो तो तुच्छ. सारख्या देहाच्या दोन व्यक्तींना मात्र आपापला जीव असतो. म्हणून पहिले दोन प्रकार कवीने टाळावेत आणि तिसरा निःशंकपणे स्वीकारावा, असा त्याचा निर्णय आहे. साम्य म्हणजे चोरी नव्हे, आणि वेगळेपणा म्हणजे प्रतिभा नव्हे, हे हजार वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे सांगितले गेले असता आजचा वाद ‘जुने की नवे’ एवढ्यावरच अडून बसावा, हे थोडे विचित्रच आहे.

या मालिकेच्या संदर्भात ही त्रयी बाहेरून चिकटवलेली वाटत नाही, कारण प्रतिबिंब हा तिच्या पहिल्याच कृतीचा विषय आहे. जॉर्डन मेक्नर या तरुण अमेरिकन लेखकाने १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी पहिला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ रचला. आपल्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक हालचाल रेखाटून घेतली. खेळातील त्या चिमुकल्या आकृतीच्या पावलांत जे वजन आहे, कड्याच्या टोकाला बोटे टेकवून लोंबकळण्यात जी धास्ती आहे, ती या जिवंत देहाची देणगी आहे. कथा साधी : तळघरात डांबलेला तरुण, दुष्ट वजीर, संकटातील राजकन्या आणि साठ मिनिटांची मुदत. पण वाटेत एक आरसा आडवा येतो. त्यातून झेप घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि झेप घेताच नायकाचे प्रतिबिंब त्याच्यापासून सुटून छायारूपाने स्वतंत्र होते. पुढे ती छाया तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक घाव नायकालाच लागतो. तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जाणे एवढाच मार्ग उरतो. अवघ्या काही रेषांच्या या खेळात एवढा काव्यात्म क्षण असावा, ही गोष्ट त्याच्या यशाचा हिशेब मांडणाऱ्यांनी फारशी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

२००३ चा ‘सँड्स ऑफ टाइम’ हा या अर्थाने तुल्यदेही होय. तळघरे, सापळे, उड्या, वजीर, राजकन्या हे सारे अवयव तेच. जीव मात्र निराळा. येथे राजपुत्र स्वतःच आपली कहाणी सांगत आहे. तो आणि त्याचा पिता एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर चालून जातात, लुटीत काळाचा खंजीर आणि वाळूचे घटिकापात्र मिळवतात, आणि वजिराच्या कपटाने राजपुत्राच्याच हातून ती वाळू मोकळी होऊन साऱ्या नगरीचा नाश होतो. खंजिराच्या बळावर गेलेले क्षण परत फिरविता येतात. ही युक्ती कौतुकास्पद आहेच. पण तिच्यापेक्षाही मोलाची गोष्ट निवेदनात आहे. खेळणाऱ्याच्या चुकीने नायक दरीत कोसळला की निवेदक स्वतःला थांबवतो : असे घडले नव्हते, आपण सांगताना चुकलो. व्हिडिओ गेममधील मृत्यू हा एरवी निव्वळ दंड असतो. येथे तो पाठभेद होतो. खेळणारा हा कथेचा वाचक न राहता तिचा अडखळणारा कथेकरी बनतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वाचक आणि प्रेक्षक होते. स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याशी एकरूप होण्याची ती अवस्था या खेळात हाताच्या बोटांपर्यंत उतरलेली आढळते.

शेवटी राजपुत्र सारा काळ उलटा फिरवतो. अनर्थ टळतो, पण ज्या महाराजाच्या कन्येबरोबर त्याने तो अनर्थ सोसला, त्या फराहला आता काहीच आठवत नाही. तिने पूर्वी विश्वासाने सांगितलेला तिचा बालपणीचा गुप्त शब्द तो तिच्यासमोर उच्चारतो आणि निघून जातो. तो शब्द किंचित बदललेल्या उच्चाराने ‘काकोलूकीयम्’ हा आहे. पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राचे, कावळे आणि घुबडे यांच्या वैराच्या कथेचे, हे नाव. रचणाऱ्यांना कदाचित केवळ त्याचा नाद आवडला असेल. तरी या शब्दाने अजाणता केवढा इतिहास जागा केला आहे! सहाव्या शतकात खुस्रो अनुशिर्वानच्या काळी बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवीत नेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते ‘कलिला व दिम्ना’ म्हणून अरबीत आणले, आणि मधली पहलवी प्रत नष्ट होऊनही कथा जगल्या. भारतातून पर्शियात गेलेली ती वस्तू लुटीची नव्हती. प्रत्येक भाषांतरकाराने तिच्यात भर घातली, प्रकरणे जोडली, तात्पर्ये फिरविली. कोणत्याही वाचकाने तिला मूळ मुखवट्याबरहुकूम असण्याची सक्ती केली नाही म्हणूनच ती टिकली.

त्यानंतरच्या भागांचा विचार थोडक्यात आटोपता येतो. ‘वॉरियर विदिन’ने (२००४) नायकाला उग्र केले, त्याचा आवाज बदलला, रॉक संगीत आणले, खुद्द मेक्नरला ती कलादृष्टी रुचली नाही, आणि पुढच्याच वर्षी ‘टू थ्रोन्स’मध्ये जुना आवाज परत आला. २००८ च्या खेळात एलिका ही सहचरी नायकाला दर वेळी सावरते, म्हणून तेथे मृत्यूच नाही. चाहत्यांनी त्याला सोपेपणाचा दोष दिला. दोष खरा असला तरी कारण चुकीचे आहे. २००३ मध्येही मृत्यू पुसला जात होताच. पण पुसणारा हात खेळणाऱ्याचा होता. २०१० चा भाग मागील यशाची सावधपणे केलेली उजळणी होती.

आता पुण्याच्या आवृत्तीकडे वळावे. नव्या आवृत्तीचे काम मुळातच असे आहे, की तिच्याकडून प्रतिबिंबाची अपेक्षा केली जाते आणि तिला चित्र काढण्याची साधने दिली जातात. जुन्या खेळाच्या अंधुक, धुरकट रेषांमध्ये खेळणाऱ्यांच्या कल्पनेने सतरा वर्षे भर घातली होती. त्यांच्या मनातील राजपुत्र त्या खेळात कधी नव्हताच. त्या स्मृतीशी स्पर्धा करणारे चित्र कोणीही काढले असते तरी ते उणेच पडले असते. याचा अर्थ झलकेतील चेहरे चांगले होते असा नव्हे. ते खरोखरच ताठर होते. परंतु टीकेचा काही भाग चित्रांवरून घसरून चित्रकारांच्या देशावर गेला, हे रसिकतेचे लक्षण नव्हे.

संगीत नाटकाच्या थिएटरात ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, तेव्हा श्रोत्यांना तेच पद हवे असे, पण मघाचीच तान हुबेहूब नको असे. पदाचे बोल आणि चाल स्थिर असत. बढत नवी होई. मागणी पुनरुक्तीची असली तरी तृप्ती नावीन्याने होत असे. बालगंधर्वांच्या श्रोत्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. व्हिडिओ गेमच्या चाहत्याची अडचण अशी, की त्याच्या हाती जुनी कृती जशीच्या तशी उरलेली असते आणि ती तो पुराव्यासारखी पुढे करतो.

ज्याला आज मूळ म्हणून जपायचे, ते एकेकाळी मोडतोड करूनच जन्मले होते, ही गोष्टही या वादात विसरली जाते. चंडीगढचे उदाहरण येथे आठवते. परंपरेचे कोणतेही ओझे नसलेले नगर म्हणून त्याची कल्पना झाली. १९५१ पासून ल कॉर्ब्युझिएने त्याचा आराखडा घडविला, आणि अपरिचितपणाबद्दल त्याला बोल लावणारेही पुष्कळ निघाले. आज त्याच नगराचा कॅपिटॉल परिसर २०१६ पासून जागतिक वारसा आहे, आणि १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या तीस सेक्टरांतील घरांचे मजलेवार सदनिकांत रूपांतर करण्यास मनाई केली. नगराच्या बाबतीत हे योग्यच असेल, कारण पाडलेले घर परत येत नाही. खेळाची नवी आवृत्ती मात्र जुन्या आवृत्तीची एक वीटही हलवीत नाही.

जानेवारी २०२४ मधील ‘द लॉस्ट क्राउन’ने हा भेद ओळखला. माँपेलिएच्या स्टुडिओने राजपुत्राला नायकपदावरून काढले, सार्गोन नावाचा योद्धा आणला, १९८९ ची बाजूने दिसणारी रंगभूमी परत उभारली, सीमुर्ग पक्ष्याच्या पुराणकथेचा आधार घेतला आणि पर्शियाच्या या खेळात अखेर फारसी भाषेतील संवादांचीही सोय केली. जाहीर होताच त्याची टर उडविली गेली, प्रकाशित होताच समीक्षकांनी त्याची वाखाणणी केली, आणि विक्री अपेक्षेला न उतरल्याने वर्ष संपण्यापूर्वीच तो संघ मोडून माणसे इतर कामांवर पाठविली गेली. तुल्यदेही कृतीला आनंदवर्धनाची मान्यता मिळाली तरी बाजाराची मिळतेच असे नाही.

पुण्या-मुंबईच्या कारागिरांना हे स्वातंत्र्य कोणी देऊ केले नव्हते. त्यांच्या वाट्याला दुसऱ्याच्या वीस वर्षांपूर्वीच्या स्वप्नाची नक्कल आली. त्या कथेचा आरंभ भारतीय राजवाड्याच्या लुटीने होतो, तिची नायिका त्या राजवाड्याची कन्या आहे, तिच्या ओठी पंचतंत्राचे नाव आहे. हा राजवाडा, ही कन्या आणि हा शब्द प्रथमच ज्यांना घरचे होते अशांच्या हाती आले होते. महाराजाच्या दालनातून तीच कहाणी कशी दिसेल, असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही. आणि चाहत्यांच्या दोन्ही पक्षांनी एवढा गदारोळ केला, त्यातही तो कोणाला सुचलेला दिसत नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ही नवी आवृत्तीच रद्द केली. पुण्यात घडविलेल्या फराहचे जे काही दर्शन घडले, ते २०२० च्या त्या झलकेपुरतेच.