रस्त्याकाठची सावली कोणाची? : ‘आज्ञापत्र’, ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि वसाहतकालीन सोलापूर

प्रस्तावना :
वसाहतकालीन शहरांविषयीच्या मराठी लेखनात दुतर्फा झाडी असलेला रुंद, सरळ रस्ता हा इंग्रजी राजवटीच्या निर्विवाद देणग्यांपैकी एक मानला जातो. रेल्वे, टपाल, नळाचे पाणी यांच्या यादीत सावलीही सहज जाऊन बसते. मात्र या सावलीचा खर्च कोणी दिला, रोपे कोणी जगवली आणि झाडावर हक्क कोणाचा राहिला, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. हे प्रश्न विचारण्यासाठी लागणारी दृष्टी मराठी गद्यातील दोन ग्रंथांत सापडते. ती तपासून सोलापूरच्या संदर्भात लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

देणगीची कल्पना :
रस्त्याकाठी झाडे लावणे ही कल्पना मुळात वसाहतीची नव्हे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून रस्त्यांवर वड लावल्याचा उल्लेख आहे. त्याच लेखात आमराया, विहिरी आणि विश्रांतिस्थाने यांचाही निर्देश येतो. तेथे सावली आणि पाणी ही एकाच सोयीची दोन अंगे आहेत. वसाहतकाळात बदलले ते झाडामागचे प्रशासन. झाड आता खात्याच्या नोंदीत आले आणि सार्वजनिक बांधकाम, नगरपालिका, जंगल व अबकारी अशा वेगवेगळ्या खात्यांत वाटले गेले.

‘आज्ञापत्रा’तील झाड :
रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५-१६) आरमाराच्या प्रकरणात झाडांचा विचार आला आहे. जहाजांसाठी आंबा, फणस यांचे लाकूड उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकराप्रमाणे वाढविलेली असतात, हे त्याचे कारण. झाड जीर्ण झाले असेल तरच धन्याला राजी करून, द्रव्य देऊन ते तोडावे. या विवेचनाचा संदर्भ रस्त्याचा नाही, हे मान्यच केले पाहिजे. तरीही झाडाचे मूल्य येथे ते वाढविण्यात गेलेल्या काळावर आणि वाढविणाऱ्याच्या संमतीवर ठरते, ही बाब महत्त्वाची आहे.

‘असूडा’तील झाड :
महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. शहराचा कारभार त्यांनी आतून पाहिला होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये ते लोकल फंड आणि शहरातील जकात यांची गणना शेतकऱ्यावरील बोजात करतात. पूर्वी रानातील फळे, फुले, पाने व लाकूडफाटा यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांची वाट जंगलखात्याने अडविली, अशी त्यांची तक्रार आहे. फुले झाडांच्या जोपासनेचे विरोधक नाहीत. झाडाला सरकारी करताना त्याच्यावर जगणारा माणूस वगळला जातो, हा त्यांचा आक्षेप आहे. हा आक्षेप शहराच्या रस्त्यालाही लागू पडतो. सावली शहराला मिळते आणि पट्टी गावातून येते, असा तो व्यवहार आहे.

सोलापूर :
सोलापूरची नगरपालिका १८५२ ची. ‘लष्कर’, ‘रेल्वे लाईन्स’ ही वस्त्यांची नावे आजही त्या काळाची खूण सांगतात. वर्षाकाठी साधारण ५५० मि.मी. पाऊस आणि चाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा असलेल्या या शहरात सावली ही शोभा नसून गरज आहे. येथे रोप लावणे सोपे. त्याला पहिले तीन-चार उन्हाळे पाणी घालणे हेच खरे काम. या श्रमाचा कर्ता ‘वृक्षारोपण झाले’ या कर्मणी वाक्यात दिसेनासा होतो. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये रस्त्यांची व तलावांची कामे पोटासाठी खडी फोडणाऱ्या माणसांनी केली. ही आठवण सावलीच्या गौरवात क्वचितच येते.

झाडाच्या स्वामित्वाचा प्रश्न सोलापुरात ८ मे १९३० रोजी उघडपणे पुढे आला. रूपाभवानी परिसरात लोक शिंदीची झाडे तोडण्यासाठी जमले. पोलिसांनी गोळीबार केला आणि शंकर शिवदारे हुतात्मा झाले. पुढे १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. लोकांची कुऱ्हाड झाडावर पडली, पण रोख अबकारी उत्पन्नावर होता. रस्त्यावर सावली देणारे सरकार शिंदीच्या झाडाकडे महसूल म्हणून पाहत होते.

निष्कर्ष :
स्वातंत्र्यानंतर ही खातेनिहाय दृष्टी कितपत बदलली, याचे उत्तर समाधानकारक नाही. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) वृक्ष अधिनियमाने वृक्ष प्राधिकरण निर्माण केले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. वयाचा विचार कायद्यात आला, हे स्वागतार्ह आहे. परंतु साठ वर्षांचा एक वड आणि साठ रोपे यांचा हिशेब संख्येने जुळला तरी सावलीने जुळत नाही. ‘आज्ञापत्रा’ने काळाला मोल दिले होते, येथे काळाचे रूपांतर आकड्यात झाले. वसाहतकालीन रस्त्यांचे मूल्यमापन करताना झाडे किती लावली, याबरोबरच ती कोणाच्या पैशाने व श्रमाने जगली आणि तोडताना कोणाला विचारले गेले, हेही नोंदविले पाहिजे. तसे झाले तरच सावलीचा इतिहास राज्यकर्त्यांच्या औदार्याचा न राहता समाजाचा इतिहास होईल.