बोधाची घाई

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एका डासाचे पोट तपासत होता. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला चावलेला तो डास. त्याच्या पोटाच्या भिंतीत रॉसला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या आणि हिवताप डासांतून पसरतो या तर्काला डोळ्यांनी पाहता येईल असा पहिला पुरावा मिळाला. रॉसने त्यावर कविताही लिहिली. देवाला दया आली आणि त्याने आज माझ्या हातात एक अद्भुत गोष्ट ठेवली, लाखोंचे जीव घेणाऱ्या मृत्यूचे बीज मला सापडले, असा तिचा आशय. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मरणाला त्याच्या नांगीवरून डिवचले आहे. रॉसची कविता तिथेच येऊन थांबते. पुढे 1927 मध्ये कलकत्त्यात त्याच्या स्मारकाच्या कमानीवर या ओळी कोरल्या गेल्या.

काव्य म्हणून ती बेताचीच आहे. पण तिच्यातल्या नांगीला वजन आहे, कारण लिहिणाऱ्याने ते मरण आधी सुईने उसवून पाहिले होते. (डास नांगी मारत नाही, सोंड खुपसतो, हे रॉसला आपल्यापेक्षा नक्कीच जास्त ठाऊक असणार. कवी म्हणून त्याने तेवढी सूट घेतली.) रोजच्या वस्तूतून आणि प्रसंगातून ख्रिस्ती बोध काढण्याची जी कला आज प्रवचनांत, प्रार्थनासभांत, मासिकांत आणि मोबाइलवरच्या 'आजचे मनन'मध्ये चालते, तिचा हिशेब मांडताना मला हा हैदराबादी डास मापाला बरा वाटतो.

मजकुराची टंचाई मुळीच नाही. 'ज्ञानोदय' 1842 पासूनचा, 'निरोप्या' 1903 पासूनचा; दोन्ही नियतकालिकांनी मराठी ख्रिस्ती वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या चिंतन पुरवले. आता त्यात सकाळी सहाला फोनवर येऊन पडणाऱ्या मननांची भर पडली आहे. पण दहा मनने ओळीने वाचा, साचा पाठ होतो. पहिल्या परिच्छेदात एक वस्तू : छत्री, चार्जर, प्रेशर कुकर. मग 'आपल्या आत्मिक जीवनाचेही असेच आहे' हे वाक्य. त्यानंतर एक वचन, शेवटी दोन ओळींची प्रार्थना. चार्जर म्हणजे प्रार्थना, कुकरची शिटी म्हणजे देवाने दिलेला इशारा. लेखकाने चार्जरकडे पाहिलेलेच नसते. प्रार्थना करावी हे त्याला लिहायच्या आधीपासून माहीत होते आणि वाचकालाही. मधे चार्जर आला तो दोघांची ओळख करून देण्यापुरता.

ज्याच्या नावाने हे सगळे चालते त्या गुरूची रीत वेगळी होती. शुभवर्तमानांतले दाखले पुन्हा वाचून पाहा. बाई खमीर कालवते ते तीन मापे पिठात. म्हणजे एका घराला पुरून उरेल, अख्ख्या वस्तीला जेवण होईल एवढे पीठ. शिवाय त्या काळच्या यहुदी कानांना खमीर ही जरा संशयाचीच वस्तू. वल्हांडणाच्या सणात ते घराबाहेर काढायचे असते. देवाच्या राज्याला नेमकी त्याचीच उपमा दिली म्हटल्यावर ऐकणारा दचकलाच पाहिजे. मोहरीचे झाड, हरवलेले नाणे, जाळ्यात आलेली बरीवाईट मासळी, यांतल्या बऱ्याच दाखल्यांत कामाचा बारकावा आहे आणि ऐकणाऱ्याला अडखळवणारा एक खडाही. काहींचा अर्थ सांगितलेला आहे, पुष्कळांचा नाही. ऐकणारे घरी जाऊन डोके खाजवत बसले असतील.

मराठीला हे शिकायला परक्या अंगणात जावे लागत नाही. आपल्या गद्याच्या आरंभालाच 'दृष्टांतपाठ' उभा आहे. चक्रधरांचे 114 दृष्टांत केसोबासांनी बांधले, प्रत्येकाला सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी तीन अंगे दिली. अर्थ उलगडून सांगितला आहे, तरी मधली गोष्ट अर्थाखाली चिरडली जात नाही. माणसे, जनावरे, गावातले व्यवहार आपापल्या जागी जिवंत राहतात. फादर थॉमस स्टीफन्सने 'ख्रिस्तपुराण' (छापले 1616) ओवीत रचले, तेव्हा इथल्या श्रोत्याला परकी कथा कळायची तर ती त्याच्या ओळखीच्या फुला-पाखरांमधून जावी लागेल हे त्याला उमगले होते. इंग्लंडात जन्मलेल्या त्या माणसाने मोगऱ्याचा आणि मोराचा आधार घेतला. आजच्या मननकाराला, इथेच जन्मूनही, बर्फाचे वादळ आणि बेसबॉल आठवतो याचे नवल वाटते.

ते बर्फ येते कुठून, हे उघड आहे. 'अवर डेली ब्रेड' ही अमेरिकेतली पुस्तिका 1956 पासून निघते आणि जगभरच्या भाषांत जाते. तशा साहित्याचे भाषांतर होते, भाषांतराचे अनुकरण होते आणि अनुकरणाचे फॉरवर्ड. मूळ पुस्तिकांत कधी कधी फार चांगले लेखनही असते, कारण तिथल्या लेखकाने आपल्या दारातला बर्फ खरोखर उपसलेला असतो. बर्फ इथे पोचतो, उपसणे तिकडेच राहते.

या आयातीचा सगळ्यात खटकणारा नमुना मुलांच्या वर्गात सापडतो. वस्तू हातात धरून शिकवायची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी शाळांतून आली. आपल्या प्राथमिक शाळांतही 'वस्तुपाठ' होते, आणि रविवारच्या शाळेने ही पद्धत लगेच उचलली. तिची सर्वांत टिकाऊ वस्तू म्हणजे शब्दांविना पुस्तक. लंडनचे प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांनी 1866 मध्ये काळे, लाल आणि पांढरे अशी तीन पाने वापरली. पुढे अमेरिकन उपदेशक मूडींनी सोनेरी जोडले, नंतर हिरवे आले. काळे म्हणजे पाप, लाल म्हणजे रक्त, पांढरे म्हणजे शुद्ध हृदय. आज मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल वर्गांत हेच पाच रंग मण्यांच्या कंकणातून मुलांच्या मनगटावर चढतात. ज्या मंडळ्यांत बहुसंख्य घरे दलित आहेत, ज्या मुलांना शाळेत रंगावरून चिडवले जाते, त्यांच्या हाती आपण काळा मणी देतो आणि हे तुझे पाप म्हणून सांगतो. वस्तू गप्प बसत नाही. आपण एक शिकवतो, ती मुलाला दुसरेच शिकवून मोकळी होते. दीडशे वर्षांत हा मणी बदलावा असे फार थोड्यांना वाटले, याला मी श्रद्धेचा दोष म्हणणार नाही. तो कलेतला आळस आहे.

आता हैदराबादचा खडक. इथल्या ख्रिस्ती घरांत गृहप्रवेशाला प्रार्थनासभा असतेच आणि तिथे मत्तयाच्या सातव्या अध्यायातला दोन घरांचा दाखला ठरलेला. शहाण्याने खडकावर बांधले, मूर्खाने वाळूवर. उपदेशक सांगतो, खडक म्हणजे ख्रिस्त. मग केक आणि बिर्याणी. मला प्रत्येक वेळी वाटते की जगातल्या फार थोड्या शहरांना हा दाखला या शहराइतका अंगाला भिडावा. हैदराबाद बसले आहे ते सुमारे अडीच अब्ज वर्षे जुन्या ग्रॅनाइटवर. बंजारा हिल्स-जुबिली हिल्समधल्या टेकड्यांवर शिळांवर शिळा रचल्यासारखे ते दगड एकेकाळी सगळीकडे दिसत. घरे बांधायला ते सुरुंगाने उडवले गेले. उरलेले वाचवण्यासाठी 1996 पासून नागरिकांची एक संस्था झगडते आहे. म्हणजे इथला शहाणा आधी खडक फोडतो, मग त्यावर राहतो. हा पेच कुठल्या प्रवचनात ऐकलाय?

दुसरे घर तर अधिकच जवळचे. पॅलेस्टाइनमधले ओढे उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत पडतात आणि पावसात एकाएकी फुगतात. तिथल्या सपाट वाळूवर घर बांधणारा वेडा नव्हता. त्याने जागा उन्हाळ्यात पाहिली होती. हैदराबादेतल्या तलावांचे पात्र एप्रिलमध्ये असेच सपाट, कोरडे आणि स्वस्त दिसते. त्यावर प्लॉट पडले, ते हप्त्याने विकले गेले, घरे उठली. ऑक्टोबर 2020 मध्ये पाऊस आला, पूर आले. नदीम कॉलनीत पाणी साचून राहिले, गुर्रम चेरुवू तलावाचा बांध फुटून हाफिज बाबा नगरात पाणी शिरले. माणसे गेली, संसार वाहून गेले. 2024 मध्ये तलाव वाचवण्यासाठी 'हायड्रा' नावाची नवी यंत्रणा उभी राहिली आणि बुलडोझर फिरले, तेव्हा पुराने सोडलेली काही घरे सरकारने पाडली.

हा सगळा मत्तयाचा सातवा अध्यायच आहे. लूक तर आणखी बारकावा देतो : शहाण्याने खोल खणून पाया घातला. आणि दोन्ही शुभवर्तमानांत मूर्खानेही वचन ऐकलेले असते. ते आचरणात मात्र आणलेले नसते. जमीन विकणारा, परवाना देणारा, स्वस्त म्हणून डोळे मिटून घेणारा, कर्जबाजारी होऊन पहिले घर बांधणारा गरीब, या सगळ्यांना तो दाखला वेगवेगळे प्रश्न विचारतो. विश्वास ठेवा म्हणजे घर पडणार नाही, एवढाच अर्थ काढला तर पाण्यात उभ्या असलेल्या विश्वासणाऱ्या बाईला काय सांगायचे? उपदेशकाने खडक आणि तलाव बघितले असते तर त्याला हा प्रश्न टाळता आला नसता. म्हणूनच कदाचित तो बघत नाही.

मेदकच्या कॅथेड्रलबाबतही असेच होते. हैदराबादपासून शंभरेक किलोमीटरवरची ही भव्य वास्तू चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी उभारली, 25 डिसेंबर 1924 ला तिचे समर्पण झाले. दुष्काळात लोकांना काम आणि त्या बदल्यात धान्य मिळावे हा बांधकामामागचा हेतू सांगितला जातो. सहलीला गेलेल्या मंडळीपुढे मनोऱ्याची उंची आणि रंगीत काचा येतात. त्या भिंती दुष्काळातल्या मजुरीच्या आहेत, ही गोष्ट एका वाक्यात उरकते.

चांगले नमुने आहेत, आणि ते बहुधा 'बोधपर' अशा कप्प्याबाहेर आहेत. तेलुगूत गुर्रम जाषुवांचे 'गब्बिलम' (1941) घ्या. ख्रिस्ती घरात वाढलेला हा दलित कवी काशीच्या शिवाकडे निरोप पाठवायला वटवाघूळ निवडतो. का? त्याला देवळात जायची बंदी आहे, वटवाघळाला नाही. ते देवाच्या डोक्यावर उलटे लटकू शकते. त्या प्राण्याची खरी सवयच कवितेचा युक्तिवाद होते. 'ख्रिस्तु चरित्र' या त्यांच्या काव्याला पुढे 1964 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण माझ्या मते ख्रिस्ती दाखल्याची जात 'गब्बिलम'मध्ये जास्त आहे. मराठीत नारायण वामन टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही घायाळ पक्षिणीची कविता. शीर्षकात कवी ओरडतो, पण आत तो पाखराला सोडून कुठे जात नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त (1934 पासून प्रसिद्ध) सोवळे, पाणी, स्वयंपाक, दुखणीखुपणी यांतूनच एका बाईचा धर्मविचार बदलत जातो. धर्मांतराची एवढी मोठी गोष्ट स्वयंपाकघरातून सांगितली गेली आणि तात्पर्याचा रकाना रिकामा राहिला. मराठी ख्रिस्ती लेखनातले ते आजही सर्वोच्च शिखर आहे, आणि आपले मननकार ते आदराने कपाटात ठेवतात.

साधू सुंदर सिंगांच्या उपमा आखूड आणि टोकदार. नदीतला दगड फोडला तर आतून कोरडाच निघतो, हे निरीक्षण दगड फोडल्याशिवाय सुचत नाही. अँथनी डिमेलो या मुंबईच्या जेझुइटाने लोणावळ्याच्या साधना संस्थेतून गोष्टींचे एक वेगळेच वळण रूढ केले. त्यांच्या 'द साँग ऑफ द बर्ड'मधल्या (1982) गोष्टी अर्थाशी येऊन थबकतात आणि वाचकाला ढकलून देतात. त्यांच्या मृत्यूनंतर, 1998 मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाबाबत इशारा दिला. धर्मपीठाची चिंता मी समजू शकतो. अर्थ मोकळा सोडला की तो कुठे जाईल याचा भरवसा नसतो. पण तो धोका पत्करल्याशिवाय दाखला सांगताच येत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) यांनी मधली वाट धरली. हरित वसईच्या लढ्यात उतरलेल्या या माणसाला झाड, पाणी, माती यांवर लिहिताना उपमा शोधत बसावे लागत नव्हते. त्यांचे गद्य कधी सुविचाराकडे झुकते, हे खरे. तरी त्यांच्या विहिरीत पाणी असते.

'ज्ञानोदय' आणि 'निरोप्या'च्या संपादकांना, आणि मराठी-तेलुगू मंडळ्यांतल्या पाळकांना म्हणून एक विनंती. मनन मागवताना लेखकाला वचन आधी विचारू नका. वस्तू विचारा : ती कोण बनवते, कितीला मिळते, मोडली की कुठे जाते, तिच्यापायी कुणाचे हात सोलतात. याची उत्तरे देता आली तरच मजकूर घ्या. 'आपल्या आत्मिक जीवनाचेही असेच आहे' हे वाक्य दिसले की तिथून पुढचे कापून टाका आणि उरलेले छापण्याजोगे आहे का ते बघा. आणि येत्या मे महिन्यात कंकणे ओवायला बसाल तेव्हा काळा मणी डब्यातच राहू द्या.